‘जायफळ’ ओठांवर येऊन का अडतं?

प्रश्न : खानापुरात आमचं किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक मराठी, कन्नड दोन्ही. परवा सुनेला मसाल्याची यादी सांगताना ‘जायफळ’ काही केल्या आठवेना. डोळ्यांसमोर फळ, नाकात वास, तोंडात मात्र ‘जायपत्री’ नाहीतर कन्नड ‘जाजिकाई’. वय 63. पोरगा म्हणतो, दोन भाषांमुळे डोक्यातले कप्पे मिसळले. खरं का? की ही विसराळूपणाची सुरुवात?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : पोराला सांगा, कुलूपबंद कप्पे मुळात नव्हतेच. दुकानात कुणी ‘हालु’ मागितलं की तुम्ही दुधाची पिशवी काढता. पण नुसतं ‘हाल’ कानावर पडेपर्यंत मराठीतले हाल, हालचालही जागे होतात आणि पुढचा आवाज ऐकून, वाक्य बघून मागे हटतात. सगळं इतक्या झटपट की आपल्याला पत्ताही लागत नाही. 1999 साली स्पायवी आणि मारियन या संशोधकांनी रशियन-इंग्रजी दोन्ही येणाऱ्यांसमोर वस्तू मांडल्या. रशियनमध्ये टपालाचं तिकीट, म्हणजे ‘मार्का’, उचलायला सांगितलं, तर नजर शेजारच्या मार्कर पेनकडेही वळायची. रशियन वाक्य चालू असताना इंग्रजी झोपलेली नव्हती.

आता जायफळ. ऐकलेला शब्द ओळखणं सोपं, कारण आवाज बाहेरून आयता मिळतो. बोलताना उलटं : अर्थ हाती असतो, त्याचा आवाज शोधायचा असतो. माल गोदामात आहे, पण आणायला गेलेला पोऱ्या वाटेत अडखळला, असं समजा. 1966 मध्ये ब्राउन आणि मॅकनील यांनी विद्यार्थ्यांना कमी वापरातल्या शब्दांचे अर्थ वाचून दाखवले. शब्द ओठांवर अडलेल्यांना कितीदा तरी त्याचं पहिलं अक्षर किंवा त्यात किती अक्षरं हे सांगता आलं! तुम्हालाही ‘जा’ सापडलाच होता की. त्याच ‘जा’ची, त्याच मसाल्याच्या डब्यातली जायपत्री आधी पुढे आली, एवढंच.

दोन भाषा बोलणाऱ्यांना हा अनुभव जास्त येतो, कारण बोलणं दोन्हींत वाटलं गेल्याने प्रत्येक शब्द थोडा कमी वापरला जातो. वयानुसारही वाढतो, आणि माणसांच्या नावांना तर सगळ्यात आधी गाठतो. पण एवढ्यावरून कन्नड बोलणं कमी करू नका. निपाणीपासून खानापूरपर्यंत ‘एकच भाषा बोला’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील, मला तो पटत नाही.

शब्द अडला की त्याच्याशी झटत बसू नका. कॅनडातल्या प्रयोगांत दिसलं की अडकून जास्त वेळ घालवला तर पुढच्या वेळी तिथेच अडकायची शक्यता वाढते. सरळ सुनेला विचारा आणि ‘जायफळ’ मोठ्याने म्हणा.

डॉक्टरकडे कधी? जायफळ हातात घेऊन हे कशाला वापरतात तेच कळेनासं झालं, रोजचे हिशेब चुकू लागले किंवा बोलणं अडखळणं दर महिन्याला वाढतंय असं घरच्यांना वाटलं, तर उशीर नको. आणि एकाएकी बोबडी वळली, तोंड वाकडं झालं, तर दुकान तसंच टाकून थेट दवाखाना गाठा.