चूक दिसली की गप्प बसवत नाही

"कुणाचं इंग्रजी चुकलेलं दिसलं की राहवत नाही. भल्यासाठीच सांगतो, तरी लोक तुटतात. काय करू?"

असं विचारत आमच्याकडे आलेले एक निवृत्त हिशेबनीस (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बाईंनी छताच्या गळतीबद्दल तक्रार टाकली, 'प्लंबर डिडन्ट केम'. यांनी खाली लगेच चांदणी (*, म्हणजे दुरुस्तीची खूण) मारून लिहिलं, 'कम'. दोघातिघांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या, बाई ग्रुप सोडून गेल्या आणि गळती तशीच राहिली.

"चूक होती की नाही?" हा त्यांचा पहिला मुद्दा. होती. पण ती आळसातून आलेली नव्हती. 'आला नाही' म्हणताना आपण भूतकाळ 'आला'वर ठेवतो. इंग्रजीत तो 'डिड'वर जातो आणि पुढचं क्रियापद मूळ रूपात राहतं. 'विषयावर चर्चा'ची सवय असली की 'डिस्कस अबाउट' येतंच. 'ए' आणि 'द' तर मराठीत नाहीतच. अशा सवयी चारचौघांत एकदा टोकल्याने जात नाहीत. शिवाय त्यांनी पकडलेल्या काही चुका चुकाच नव्हत्या. 'प्रीपोन' शब्दकोशात आहे, आणि वाक्याच्या शेवटी 'विथ' किंवा 'फॉर' येणंही चालतं. हे ऐकून ते जरा खट्टू झाले.

मग दोन आठवडे वही. रकाने पाच: वेळ, कुणी लिहिलं, चूक कोणती, सांगण्याची ऊर्मी दहापैकी किती, आणि आपण काय केलं. आठ-नऊचे आकडे बहुतेक कमिटीतल्या दोघांच्या नावापुढे निघाले. त्यांच्याशी यांचा पार्किंगवरून वाद होता. मित्रांच्या तसल्याच चुकांना दोन किंवा तीन. व्याकरणाच्या आडून राग निघत होता, हे वहीने दाखवलं. आम्ही तोंडी सांगितलं असतं तर त्यांनी मानलं नसतं.

पुढची पायरी थांबण्याची. ऊर्मी सहाच्या वर गेली की फोन दुसऱ्या खोलीत, 20 मिनिटं. ऊर्मी चढते तशी उतरतेही. तिला वेळ मात्र द्यावा लागतो. इथे हमखास फसतं ते असं: माणूस उत्तर टाइप करून ठेवतो, फक्त पाठवत नाही. त्याने ऊर्मी उतरत नाही, कारण मन त्या वाक्यातच अडकून राहतं. 'राग मानू नका, पण...' ही सुरुवातही निरुपयोगी. ती वाचतानाच समोरचा सावध होतो.

अर्थच उलटत असेल तेव्हा मात्र थांबू नये. 'लिफ्ट विल नॉट वर्क'च्या जागी 'नाउ वर्क' पडलं, तर कुणाची आजी खाली अडकेल. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांच्या आतच दुरुस्त करता येतो, त्यामुळे लगेच, पण वैयक्तिक मेसेजवर: "शनिवारी लिफ्ट बंद आहे ना? 'नॉट'चं 'नाउ' झालंय." एवढंच. नियम समजावायचा नाही.

त्या बाईंची माफी मागायला त्यांनी पानभर मजकूर आणला होता, त्यातलं अर्धं पान आपला हेतू कसा चांगला होता यावर. ते सगळं काढलं. उरलं ते असं: "तुम्ही गळतीबद्दल लिहिलंत आणि मी इंग्रजी तपासत बसलो. चुकलं माझं." हे त्यांनी फोनवर सांगितलं. अपमान ग्रुपवर झाला होता, म्हणून तिथेही एक ओळ टाकली. बाई परत आल्या नाहीत. यावं असा आग्रहही धरायचा नाही, हे आधीच ठरलं होतं.

चुका तपासण्याबरोबर कुलूप, गॅस पुन्हा पुन्हा बघणं, झोप उडणं असं काही असेल तर नुसती वही पुरत नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. यांचं तसं नव्हतं.

शाळूसोबत्यांच्या ग्रुपवर ते अजूनही चांदण्या मारतात. तिथे सगळेच एकमेकांना मारतात, म्हणून ते आम्ही तसंच राहू दिलं.