इंग्लंडला येताय आणि मुलगी इयर वनमध्ये जाणार: घरी वाचन कसं घ्यायचं

तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये पुण्याहून लंडनजवळ येतोय, मुलगी साडेपाच वर्षांची, सीनियर केजी झालंय, एबीसीडी पाठ आहे. तर घरी काय घ्यावं, आणि घरात मराठी बोलणं बंद करावं का? मराठी मुळीच बंद करू नका, त्याबद्दल पुढे लिहिलंय. आधी इंग्रजी वाचन.

इंग्लंडमध्ये वर्ग 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट या जन्मतारखांवर ठरतो. 31 ऑगस्टपर्यंत पाच पूर्ण झालेलं मूल थेट इयर वनमध्ये बसतं. तिथली मुलं आधीचं वर्षभर रिसेप्शनमध्ये, म्हणजे इयर वनच्या आधीच्या वर्गात, फोनिक्स (अक्षरांचे आवाज जोडून वाचायची पद्धत) शिकलेली असतात. तुमच्या मुलीला अक्षरांची नावं येतात, त्या मुलांना आवाज येतात. शिवाय आपल्याकडे बरेचदा कॅपिटल आधी गिरवतात, इथली पुस्तकं मात्र स्मॉल अक्षरांत असतात. उरलेल्या दोन महिन्यांत हीच दरी भरून काढायची आहे.

पहिल्या आठवड्यात सहाच अक्षरं घ्या: एस, ए, टी, पी, आय, एन. एवढ्यांतून सॅट, पिन, टॅप, नॅप, स्पिन, पँट हे शब्द तयार होतात. मग एम, डी, जी, ओ, सी, के. त्यानंतर ई, यू, आर, एच, बी, एफ, एल. बी आणि डी एकाच आठवड्यात घेऊ नका, या वयात ती उलटसुलट होतातच. रोज दहा मिनिटं पुरे: चार-पाच जुने आवाज, एक नवा, मग पाच-सहा शब्द जोडून वाचणं आणि दोन शब्द ऐकून लिहिणं. लिहिणं गाळू नका. ऐकलेला शब्द सुटा करता आला की वाचनही पक्कं होतं.

आपल्या घरांत नेमकं इथे बिघडतं. मराठी अक्षरात 'अ' मुरलेला असतो, त्यामुळे आपण बॅट हा शब्द 'बअ-ॲ-टअ' असा फोडून सांगतो. ते तुकडे जोडून 'बअॲटअ' होतं, बॅट होत नाही, आणि मूल गोंधळून अंदाजाने काहीतरी बोलतं. आवाज पाय मोडून म्हणा: ब्, ट्, प्, क् अगदी तुटक आणि हळू आवाजात. स्, म्, न्, फ्, ल् हे लांबवता येतात, म्हणून सुरुवात त्यांनी करा: 'स्स्स-ॲ-ट्'. आधी तुम्ही दोघं आईबाबा हे आपसात म्हणून बघा. आजी-आजोबा शिकवणार असतील तर त्यांनाही सांगा.

पुढे दोन-तीन अक्षरं मिळून एक आवाज येतो: शिपमधले एस-एच, रेनमधले ए-आय, नाइटमधले आय-जी-एच. त्याखाली एक सलग रेघ ओढून दाखवा. द, वॉज, सेड हे आडमुठे शब्द अख्खे पाठ करून घेऊ नका. सेडमध्ये एस आणि डी नियमाने वागतात, फक्त मधलं ए-आय वेगळं बोलतं. तेवढंच लक्षात ठेवायला सांगा. इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चारही लिहू नका, मूल तोच वाचतं.

पुस्तक वाचताना दहा शब्दांत एकापेक्षा जास्त अडत असतील तर ते पुस्तक अवघड आहे. उलट, घडाघडा वाचलं तर त्यातले शब्द चिठ्ठ्यांवर उलटसुलट क्रमाने लिहून दाखवा. चित्रं बघून पान पाठ झालं असेल तर लगेच कळेल.

इयर वनच्या जूनमध्ये फोनिक्सची छोटी तपासणी असते. शिक्षक एकेका मुलाकडून 40 शब्द वाचून घेतात, त्यातले 20 खरे आणि 20 निरर्थक; निरर्थक शब्दांशेजारी काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं. आपली पाठांतरात पटाईत मुलं इथे अडतात: 'स्ट्रॉम' दिसलं की ओळखीचं 'स्टॉर्म' म्हणून मोकळी होतात. घरी गंमत म्हणून असे शब्द बनवा. आपल्या उच्चाराची काळजी नको, ॲक्सेंट लक्षात घेतला जातो. अपेक्षित गुण नाही मिळाले तर इयर टूमध्ये पुन्हा घेतात. दर शाळेचा फोनिक्सचा कार्यक्रम आणि अक्षरांचा क्रम वेगळा असू शकतो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो विचारून घ्या आणि घरचा क्रम त्याला जुळवा.

आता मराठी. घरची भाषा मराठी, असं प्रवेशाच्या फॉर्मवर स्पष्ट लिहा. त्यावरून शाळेला मदत ठरवता येते. रोज रात्री एक मराठी गोष्ट वाचून दाखवा आणि तिला मधेच थांबवून प्रश्न विचारू द्या. ज्या मुलाला मराठीत 'कारण', 'तरीही', 'आधी-नंतर' नीट कळतं, त्याला इंग्रजी गोष्टीचा अर्थ लावणं सोपं जातं. देवनागरी वाचन सुरू झालं असेल तर थांबवू नका. नसेल तर इंग्रजी शब्द जोडता येऊ लागेपर्यंत, साधारण दुसऱ्या सत्रापर्यंत थांबा.

पुस्तकांचं वजन करत बसू नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार मराठी गोष्टी आहेत. सामानात दहा-बारा चित्रपुस्तकं तेवढी घ्या.

देवनागरीतही पूर्ण मुळाक्षरांचा तक्ता घेऊन बसू नका. क, म, ळ, न, ग, र यांतून कमळ, नळ, मगर, नगर, गरम होतात. काना आला की कान, नाक, माळ, काळा. पहिली वेलांटी उशिरा घ्या, कारण ती दिसते अक्षराआधी आणि उच्चार येतो नंतर. इंग्रजी वाचणारं मूल 'कि' पाहून तिथे हमखास अडखळतं. चमचा आणि चहा यांतला 'च' वेगळा, हे तिला बोलण्यातून येतंच, वेगळं शिकवायची गरज नाही. रफार आणि जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी.