बटरफ्लाय चाकू: स्वस्त घ्यावा की महाग?

नागपुरात राहून बटरफ्लाय चाकू, म्हणजे दोन मुठींच्या मधे पाते मिटणारा घडीचा चाकू, फिरवण्याची कला शिकायची आहे, तर पाच-सहाशे रुपयांचा चाकू घ्यावा की पैसे साठवून आठ-दहा हजारांचा घ्यावा, आणि दोहोंत, विशेषतः पोलादात, खरोखर एवढा फरक असतो का, असे आपण विचारले आहे. फरक असतो आणि तो मोठा असतो. मात्र आपण तो पात्याच्या पोलादात शोधत आहात, आणि तो आहे दोन मुठी पात्याला जेथे जोडल्या जातात त्या दोन सांध्यांत. हिंगणा एमआयडीसीतील एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे व हत्यारे बनवण्याच्या कारखान्यात, मी बावीस वर्षे काम केले आहे, त्यामुळे या वस्तूकडे मी शस्त्र म्हणून न पाहता जोडकाम म्हणून पाहतो, आणि उत्तरही त्याच अंगाने देतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने असाच एक स्वस्त चाकू मागवला. सुदैवाने तो ट्रेनर, म्हणजे बोथट आणि भोके पाडलेल्या पात्याचा होता. पंधरा-वीस दिवस गच्चीवर सराव केल्यानंतर एका संध्याकाळी एक मूठ सांध्यातून निसटली आणि त्याच्या भुवईवर येऊन आदळली. सुजेपलीकडे काही झाले नाही; पण पात्याला धार असती तर काय झाले असते, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी तो चाकू बाकावर उघडला. मुठी जस्ताच्या मिश्रधातूच्या, ओतीव होत्या आणि त्यांतून नुसती पिन ठोकून बसवलेली होती. व्हर्नियर लावून पाहिले, तेव्हा पिनेचे भोक एका दिशेने 4.1 मिलिमीटर आणि दुसऱ्या दिशेने 4.5 मिलिमीटर भरले. गोल भोक लांबट झाले होते. मूठ फिरवताना बसणारा प्रत्येक झटका त्या मऊ धातूवर येत होता, आणि ठोकलेली पिन असल्यामुळे ती आवळण्याची सोयच नव्हती.

सांध्यातली थोडीशी फट एवढी का जाणवते, हे साध्या हिशेबाने कळते. सांध्यातील वायसरचा, म्हणजे पाते व मूठ यांमधल्या चकतीचा, व्यास साधारण 10 मिलिमीटर आणि मुठीची लांबी सुमारे 125 मिलिमीटर धरली, तर सांध्याशी असलेली 0.1 मिलिमीटरची फट मुठीच्या टोकाला सव्वा मिलिमीटरची डुगडुग होऊन बाहेर पडते. अशी मूठ बोटांवर दर वेळी वेगळ्या जागी येते, आणि हाताला सवय लागण्याऐवजी हात गोंधळतो. नुसत्या वायसरवर चालणाऱ्या सांध्यात स्क्रू आवळला की मूठ जड फिरते आणि सैल केला की डुगडुगते. मधली जागा सापडली तरी ती फार काळ टिकत नाही. चांगल्या चाकूत पात्याच्या भोकात कडक पोलादाचा एक बुश, म्हणजे छोटी नळी, बसवलेला असतो आणि त्याची उंची पाते व वायसर यांच्या एकत्रित जाडीपेक्षा शतांश मिलिमीटरच्या हिशेबात किंचित जास्त ठेवलेली असते. त्यामुळे स्क्रू पूर्ण आवळला तरी दाब बुशवर येतो आणि पाते मोकळे फिरते. आपण जास्तीचे जे पैसे मोजता, ते मुख्यतः या अचूकतेचे असतात. काही चाकूंत बुशऐवजी बॉल बेअरिंग असते. तेही सुरेख चालते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ त्यात शिरली की घरघर सुरू होते, म्हणून नागपूरसाठी मी बुशच सुचवेन.

मुठीचेही दोन प्रकार असतात. एकात दोन पट्ट्या मधे तुकडे घालून स्क्रूने जोडलेल्या असतात, तर दुसऱ्यात एकाच सळईत मिलिंग करून खाच काढलेली असते. अखंड मूठ पिळली जात नाही आणि दोन्ही भोके एका रेषेत राहतात, म्हणून ती महाग पडते. टायटॅनियमच्या मुठीचा मोह मात्र सुरुवातीला नसावा. ॲल्युमिनियमची अखंड मूठ शिकण्यास पुरेशी आहे.

महाग म्हणजेच उत्तम, असेही नाही. या चाकूचे मूळ गाव मानले जाते ते फिलिपिन्समधील बातांगास प्रांतातले, आणि तेथील कारागीर आजही जुन्या गाड्यांच्या कमानपट्ट्यांपासून पाती घडवतात, जसे आपल्याकडचे लोहार कोयते घडवतात. चांगले पाणी दिलेले साधे पोलाद काही हलके नसते. फार वरच्या किमतीत आपण नावाचे आणि दुर्मीळपणाचेही पैसे देता. शिकणाऱ्याच्या हाताला त्याचा काही उपयोग नाही.

धारेचा चाकू घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण केवळ बोटे कापणे हे नाही. शस्त्र नियम, 2016 मध्ये 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे, हे वाचून लहान पाते कोठेही बाळगता येते असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश लागू असतो, तेव्हा सार्वजनिक जागी सुरा-चाकू बाळगणे हाच गुन्हा ठरतो, आणि सणासुदीला व निवडणुकांच्या काळात असे आदेश निघत असतात. ट्रेनरसुद्धा फुटाळा तलावावर किंवा कॉलेजात नेऊ नका; दुरून तो खऱ्या चाकूसारखाच दिसतो.

तेव्हा माझे उत्तर असे: धारेचा आठ-दहा हजारांचा नको आणि ठोकलेल्या पिनेचा पाचशेचाही नको, त्यांच्या मधल्या किमतीतला, बुश असलेला, टॉर्क्स स्क्रूने (डोक्यावर ताऱ्यासारखी खाच असलेल्या) उघडता येणारा, ॲल्युमिनियमच्या अखंड मुठींचा ट्रेनर घ्या. तो हाती आल्यावर पाते स्थिर धरून एकेक मूठ आडवी हलवून पाहा. टोकाशी दिसण्याजोगी हालचाल असली तर त्याच दिवशी परत करा. स्क्रूच्या आट्यांवर मध्यम ताकदीच्या, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू आपोआप सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावून चोवीस तास चाकूला हात लावू नका. भाच्याच्या दुसऱ्या ट्रेनरला मी हेच केले होते. महिन्यातून एकदा तो सांधे उघडून पुसतो, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब देतो, आणि दीड वर्षानंतरही त्याच्या मुठीच्या टोकाशी मला डुगडुग आढळलेली नाही.