निवृत्तीनंतर थायलंडमध्ये दीर्घ वास्तव्य

प्रश्न : आम्ही दोघेही साठीपुढचे आहोत. वर्षभर थायलंडमध्ये राहण्यासाठी पर्यटक व्हिसा पुरेल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पुरणार नाही. वयाची ५० वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी तेथे वर्षभराचा निवृत्ती व्हिसा असून त्यासाठी ८ लाख बाटची बँकेतील ठेव किंवा दरमहा ६५ हजार बाटचे उत्पन्न दाखवावे लागते. शिवाय पोलिसांचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि आरोग्य विमा हवा. नोकरी करता येत नाही. दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. पुढे मुदतवाढ घेऊन राहत असताना जोतिबाच्या चैत्र यात्रेसाठी गावी यायचे झाले, तर निघण्यापूर्वी पुनर्प्रवेश परवाना अवश्य घ्यावा, अन्यथा मिळालेली मुदतवाढ संपुष्टात येते. या एका कागदाकडे कृपया दुर्लक्ष करू नका.