सावलीत पांढरा नको

प्रश्न : बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या युरोपीय धाटणीचं व्यक्तिचित्र तैलरंगात करतो आहे. चेहऱ्याच्या सावलीसाठी त्वचेच्या रंगात काळा मिसळला की ती बाजू राख फासल्यासारखी दिसते. त्या काळातल्या डच चित्रकार रेम्ब्रांटच्या सावल्या इतक्या गडद असूनही जिवंत कशा वाटतात?

उत्तर : दोष काळ्याचा कमी, पांढऱ्याचा जास्त. त्वचेच्या मिश्रणात पांढरा आधीच असतो. त्यात काळा पडला की थंड, अपारदर्शक करडा तयार होतो. काळा रेम्ब्रांटही वापरायचा, पण सावलीत पांढऱ्याला तो फारसा थारा देत नसे.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं त्याचं १६२८च्या सुमाराचं आत्मचित्र सावकाश पाहा. आकार जेमतेम २२.६ × १८.७ सेंटिमीटर. उजेड डावीकडून येतो आणि गाल, कानाची पाळी, मान, नाकाचा शेंडा एवढंच उजळतो. डोळे तपकिरी अंधारात आहेत. त्यांवर नजर स्थिरावायला थोडा वेळ द्यावाच लागतो. ब्रशच्या मागच्या टोकाने ओला रंग खरवडून केसांच्या बटा काढल्या आहेत. आणि मागची भिंत उजळ आहे! बरोक म्हणजे काळी पार्श्वभूमी, हा समज इथेच गळून पडतो.

तुमच्या चित्रासाठी : रॉ अंबर या मातकट तपकिरीत थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) घालून कॅनव्हासला पातळ, मध्यम गडद अस्तर द्या आणि पूर्ण वाळू द्या. सावली बर्न्ट अंबरची (भाजलेल्या अंबरचा लालसर तपकिरी), खालचं अस्तर दिसेल इतकी पातळ. पांढरा अजिबात नको. ती वाळली की पांढरा, ऑकर आणि किंचित लाल यांचं मिश्रण कपाळावर, नाकावर जाड लावा. तेच मिश्रण सावलीच्या कडेवर अगदी पातळ ओढा. तिथे निळसर करडी छटा आपोआप उमटते, कारण गडद थरावरच्या विरळ पांढऱ्यातले कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. थर जाड झाला की ही छटा गेलीच. टायटॅनियम व्हाइट जुन्या शिशाच्या सफेद्यापेक्षा फार झाकतो, म्हणून तो कमी घ्या. खालचा थर ओला असेल तर ब्रश तो उचलतो आणि सगळा चिखल होतो.

जुन्या चित्रात दिसणारा निळा खरंच निळा आहे का, याचा पडताळा घ्यायचा तर करड्या कार्डाला ५ मिलिमीटरचं भोक पाडून ते चित्राच्या छापील प्रतीवर ठेवा. शेजारच्या तपकिरीमुळे निळा भासणारा रंग भोकातून पाहिला की बहुतेक वेळा साधा करडा निघतो. पॅलेटवर निळा घेण्याआधी एवढं जरूर करा.

प्रश्न : जुन्या चित्रांतले तपकिरी रंग मुळातले असतात का?

उत्तर : सगळे नाहीत. व्हार्निश पिवळं पडलं की पांढरा मळतो, निळा हिरवट दिसतो. स्मॉल्ट ही कोबाल्टयुक्त निळ्या काचेची पूड. तेलात तिच्यातलं पोटॅशियम निघून जातं आणि ती करडी-तपकिरी होते. काही लाल लेक रंग (रंगद्रवापासून बनवलेले पारदर्शक रंग) उजेडाने फिकटतात. म्हणून कपडे आणि पार्श्वभूमीच्या रंगांवर लगेच विसंबू नका. आधी कॉलरचा पांढरा किती पिवळा झाला आहे ते पाहा आणि तितकाच पिवळा बाकीच्या रंगांतून मनातल्या मनात वजा करा.