पहिल्यांदा जाते आहेस म्हणून

कॅन्सर झालेल्या मुलाच्या घरच्यांना सोबत करायला जाते आहेस, तर तिथं काय बोलू, असं विचारलंस. फार बोलू नकोस. 'सगळं ठीक होईल' हे तर नकोच, ते आपल्या हातात नसतं. सर्दी असेल त्या दिवशी जाऊच नकोस. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटतात, साधा संसर्गही मुलाला जड जातो.

आजारी मुलाच्या भावंडाकडे मात्र आवर्जून बघ. त्याच्याकडे लक्ष द्यायला घरात कुणाला उसंतच नसते. एका छोट्या बहिणीशी मी आठवडाभर नुसती पत्ते खेळत होते. शेवटी तिनं विचारलं, "उद्या माझ्यासाठीच येणार ना?" इतकी वर्षं झाली, तो प्रश्न आठवला की अजून भरून येतं. आणि आपण बसलोय म्हणून आई तासभर निवांत झोपली, त्याचं समाधान तर घरी आल्यावरही पुरतं.

ठरलेला वार तेवढा चुकवू नकोस. ती माणसं वाट बघतात.