दुपारी एकला लावलेलं ट्रायकोकार्ड

प्रश्न : सुरू हंगामातल्या उसात खोडकिडीनं पोंगे (मधली कोवळी पानं) वाळायला लागले म्हणून मे महिन्यात ट्रायकोकार्डं आणली. दुपारी एकच्या सुमारास मजुरांनी ती लावली. पंधरा दिवसांनी पाहिलं तर पोंगेमर तशीच. कार्डं खोटी होती की उन्हानं माशा मेल्या?
– ऊस उत्पादक, माळशिरस तालुका

उत्तर : दादा, कार्ड खोटं म्हणण्याआधी तुमचं ‘दुपारी एक’ मला खटकतं. बारा वर्षं मी ही कार्डं बनवते आहे. एका कार्डावर सुमारे २० हजार अंडी असतात, धान्यातल्या पतंगाची, आणि त्यांच्या आत ट्रायकोग्रामा, म्हणजे किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालणारी इवलीशी माशी, वाढत असते. बाहेर येणारी माशी अर्ध्या मिलिमीटरची. एवढ्याशा जिवाला स्वतःची ऊब नसते. हवा जेवढी तापेल तेवढी ती तापते.

आमच्याकडे डिसेंबरच्या सकाळी काचेच्या नळीतल्या माशा तळाशी गप्प बसलेल्या असतात. नळी मुठीत धरली की थोड्या वेळानं त्या चालू लागतात, उजेडाकडे जातात. उडतात त्याहून उशिरा, आणखी ऊब मिळाल्यावर. म्हणजे गारठ्यात त्या जिवंत असतात, पण कार्डापासून फार लांब जात नाहीत. २५ ते ३० अंशांत त्यांची चाल सगळ्यात कामाची: पानावर फिरायचं, किडीचं अंडं सापडलं की स्पर्शिकांनी चाचपायचं, मग आपलं अंडं त्यात घालायचं. पारा ३५च्या वर गेला की आयुष्यही घटतं, शोधही. एकदा मे महिन्यात मी नळी गाडीच्या सीटवर विसरले. परत आले तेव्हा एकही हलत नव्हती. तो दिवस मला अजून सलतो.

तुमच्याकडची मेमधली दुपार चाळिशीपार. त्यात कार्ड पानाच्या वरच्या बाजूला लागलं असेल, तर आतली माशी बाहेर पडण्याआधीच भाजली असणार. पुढच्या वेळी उन्हं कलल्यावर, शेताला पाणी दिल्यानंतर, पानाच्या खालच्या बाजूला टाचा. खोडकिडीचा पतंगही तिथंच अंडी घालतो, चपटी, एकावर एक सरकलेली. मुंग्या मात्र बघा, त्या कार्डावरची अंडी उचलून नेतात. आणि त्या आठवड्यात कीटकनाशक फवारू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. ही माशी फक्त किडीच्या अंड्यात काम करते. अळी खोडात शिरून पोंगा वाळला, तर तो तिच्यानं परत येत नाही. पोंगे दिसायच्या आधी, पतंग दिसू लागताच पहिलं कार्ड लावायचं, मग आठ-दहा दिवसांनी पुन्हा.

खरं-खोटं तपासायचं तर नव्या कार्डाचा बोटभर तुकडा बाटलीत टाका, तोंडाला घट्ट विणीचं कापड बांधा आणि घरात सावलीला ठेवा. तीन-चार दिवसांत बारीक ठिपके काचेवर चढताना दिसले तर कार्ड खरं आहे. एकही दिसला नाही, तर बाटली घेऊनच विक्रेत्याकडे जा.